खणाचा आवाज

आमच्या कपाटाचा खालून दुसरा खण उघडताना अडकतो. जरा जोर लावावा लागतो, मग तो खर्र करून एकदम पुढे येतो. घरातल्या माणसांच्या कानांना तो आवाज आता जाणवतही नाही. आमच्या भुरी नावाच्या सशिणीला जाणवायचा. गवताच्या ढिगात तोंड खुपसून बसलेली असली तरी तिचे कान ताठ व्हायचे, आणि मी वळून बघेपर्यंत ती सोफ्यामागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असायची. तिचा जोडीदार काजळ मात्र जागचा हलायचा नाही. त्या खणात त्याचं काहीच नव्हतं. सिरिंजा, औषधाच्या बाटल्या, वाळल्या गवताची पूड, जुना निळा टॉवेल, सगळं भुरीचं होतं.

भुरी तेव्हा सात वर्षांची होती. नीट सांभाळला तर घरचा ससा आठ ते बारा वर्षं जगतो. म्हणजे अजून तीन-चार वर्षं तरी आपल्या पदरात आहेत असं मी धरून चालले होते. आजाराची सुरुवात फार बारीक झाली. हनुवटीखालची लव ओली दिसायला लागली. पाणी पिताना भिजली असेल म्हणून मी सोडून दिलं. मग ती गवताची काडी उचलायची, दोनदा चावायची आणि खाली टाकायची. कोवळा पाला मात्र खायची. लाडावली आहे, असं मीच सगळ्यांना सांगत होते. वजनाचा काटा घरात होता, तो काढायला मला महिना लागला. १ किलो ९०० ग्रॅमची भुरी १ किलो ६०० वर आली होती.

सशाच्या तोंडात २८ दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात, दाढासुद्धा. पुढचे दात आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ही वाढ झिजवायचं काम गवत करतं, तेही भरड, वाळलेलं, तासन् तास चघळायला लागणारं. ते कमी पडलं की दाढांना कडेनं अणकुचीदार टोकं फुटतात आणि जीभ, गाल कापत राहतात. मुळं उलट्या बाजूनं वाढून हाडात घुसतात. भुरी घरात आली तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं मी तिला पाकिटातल्या गोळ्या भरपूर घातल्या आणि गवत शोभेपुरतं ठेवलं. ती आवडीनं खायची, मला बरं वाटायचं. काहींच्या जबड्याची ठेवणच मुळात वाकडी असते, एवढं एकच कारण नसतं, असं डॉक्टरांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. तरी ही सल गेलेली नाही आणि ती जावी असंही मला वाटत नाही. आज कुणी घरी ससा आणतो म्हटलं की मी आधी गवताबद्दल बोलते.

ज्या पहिल्या दवाखान्यात आम्ही गेलो तिथल्या डॉक्टरांनी तिच्या तोंडात नीट बघितलंही नाही. "ससाच आहे ना? दुसरा मिळेल," एवढं म्हणून त्यांनी हात धुतले. त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. लहान जिवाचं दुखणंही लहान असतं, असं मानणारी माणसं प्राण्यांच्या दवाखान्यातही भेटतात, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टर सशांवर रोज उपचार करणाऱ्या होत्या. त्यांनी एक्स-रे काढला. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला, दाढेच्या मुळाशी गळू झालं होतं. माणसाचं गळू फोडलं की पू वाहून जातो. सशाचा पू टूथपेस्टइतका घट्ट असतो, तो वाहत नाही, आणि त्याच्याभोवती जाड आवरण तयार झालेलं असतं. औषध आत पोचत नाही. म्हणून आवरणासकट सगळं खरवडून काढावं लागतं. त्यात अँटिबायोटिकचीही मोठी पंचाईत. पेनिसिलिन तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगाचे जिवाणू मरून ससाच दगावू शकतो. सुईनं दिलं तर चालतं.

भूल द्यायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आकडे स्पष्ट सांगितले. ब्रिटनमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात भूल दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत साधारण ६०० मागे १, मांजरांत ४०० मागे १ आणि सशांत ७२ मागे १ होतं. आधीच आजारी असलेल्या सशांत तर १४ मागे १. मी घरी येऊन १४ हा आकडा कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. सहीची वेळ आली तेव्हा हात थरथरला, पण मनात शंका नव्हती. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी निर्णय अवघड नव्हता. भीती होती, पण पुढची वाट दिसत होती.

ती त्यातून वाचली. दोन दाढा काढल्या, जखम भरली, ती पुन्हा गवताला तोंड लावायला लागली. चार महिन्यांनी तिच्या जबड्याखाली बोटाला पुन्हा कडक गुठळी लागली. दुसरी शस्त्रक्रिया झाली. आणि सात आठवड्यांनी पुन्हा तेच, या वेळी हाडही पोखरलेलं.

खरा प्रश्न तिथून सुरू झाला. त्यानंतरचे दिवस नुसते "औषधपाणी चालू होतं" या तीन शब्दांत आटोपतात, आणि त्या शब्दांत काहीच कळत नाही, म्हणून सांगते.

सशाचं पोट थांबून चालत नाही. त्याला उलटी करता येत नाही, आणि बारा तास काही पोटात गेलं नाही तर आतडी मंदावतात, वायू धरतो, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपू शकतं. म्हणून भुरी स्वतःहून खात नसली की भरवायचं. गवताची बारीक पूड कोमट पाण्यात कालवायची, गाळायची, सिरिंजमध्ये भरायची. भुरीला टॉवेलात घट्ट गुंडाळायची, कारण सशाचे मागचे पाय जबर आणि हाडं हलकी. जोरात लाथ मारली तर त्याचाच मणका मोडू शकतो. मग पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या फटीतून सिरिंजचं टोक आत घालायचं, एक-एक मिलिलीटर सोडायचा, ती गिळते का बघायचं. एका वेळी १५-२० मिलिलीटर, दिवसातून पाच वेळा. त्याशिवाय दोन सुया. त्याशिवाय जबड्याची जखम धुणं.

टॉवेलातून तिचं फक्त डोकं बाहेर असायचं. माझ्या पोटाला टेकलेलं तिचं काळीज मला जाणवायचं, वेगळे ठोके मोजताच यायचे नाहीत, सलग थरथर. घास गिळून झाला की ती नाकानं सिरिंज ढकलायची. जोर नसायचाच त्यात. हनुवटीवरून हिरवट पाणी ओघळायचं, ते मी पुसायचे, आणि पुसताना ती डोळे मिटून घ्यायची. सुरुवातीला मला वाटायचं की तिला बरं वाटतंय.

नंतर सशाच्या चेहऱ्यावरून दुखणं कसं ओळखायचं याबद्दल मी वाचलं. २०१२ मध्ये संशोधकांनी त्यासाठी एक मोजपट्टीच तयार केली आहे. पाच गोष्टी बघायच्या: डोळे किती आवळले आहेत, गाल किती चपटे झालेत, एरवी गोलसर असणारं नाक टोकदार दिसतंय का, मिशा ताठ आहेत का, कान घडी घातल्यासारखे मागे दाबलेत का. मी त्या यादीवरून नजर उचलून भुरीकडे पाहिलं. डोळे मिटून शांत बसलेली माझी भुरी शांत नव्हती. शिकार होणारा प्राणी दुखतं हे दाखवत नाही. दाखवलं की तो आधी धरला जातो. इतकी वर्षं घरात राहून, माझ्या पायावर डोकं टेकून झोपूनही, तिच्या अंगातली ती जुनी सावधगिरी जराही कमी झाली नव्हती.

हे वाचून कुणी आजारी सशाचे उपचार घाईनं थांबवू नयेत, म्हणून थोडं मागचं सांगायला हवं. भुरी तीन वर्षांची असताना तिचं पोट असंच बंद पडलं होतं. चार दिवस आणि चार रात्री आम्ही तिला भरवलं. तेव्हाही ती धडपडली, चिडली, आठवडाभर माझ्याजवळ फिरकली नाही. पाचव्या दिवशी पहाटे तिच्या जागेवर सात लेंड्या सापडल्या, बारीक, वेड्यावाकड्या, आणि मी त्या हातात घेऊन नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवल्या. पुढे ती चार वर्षं उड्या मारत जगली. मान वाकडी झालेले ससेही मी पाहिलेत. मेंदूवर परिणाम करणाऱ्या एका परजीवीमुळे ते पुष्कळदा होतं, बघवत नाही, बघणारे लगेच "सोडवा त्याला" म्हणतात. पण महिनाभराच्या औषधानं त्यातले कितीतरी सावरतात आणि वाकड्या मानेनं मजेत राहतात. बघणाऱ्याला भयंकर वाटणं आणि सोसणाऱ्याला भयंकर असणं, यातला फरक करायला वेळ द्यावा लागतो.

घरात आमची दोन मतं होती. नवरा म्हणायचा, "अजून खातेय ती. पाला तोंडात घेतेय. मग आपण कोण ठरवणारे?" एका रात्री मी त्याला तोडून बोलले, "अरे, सिरिंज तुझ्या हातात नसते, म्हणून तुला आशा धरणं सोपं जातं." तो काही बोलला नाही. नंतर कळलं की मी झोपल्यावर तो रोज रात्री जमिनीवर, सोफ्याला पाठ टेकून, तिच्या बाजूला बसून असायचा. मी ते वाक्य परत घेतलं. पण त्यातला थोडा भाग खराच होता, हे त्यानंही कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वेळचं भरवणं स्वतःकडे घेतलं. आठवडाभरात त्याचा "अजून खातेय" म्हणण्याचा सूर बदलला.

पैशाबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही. खर्चाचा विचार मनात आला तरी आपण हलके आहोत असं वाटतं. माझ्या मनात तो आला होता. तिसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून छातीत धस्स झालं होतं, आणि तेव्हापासून थांबण्याच्या प्रत्येक विचारावर मी स्वतःलाच विचारत होते: हे तिच्यासाठी, की खर्चासाठी? शेवटी आम्ही दोघांनी एक गोष्ट केली. सगळे पैसे भरलेत असं समजून प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर बदललं नाही, तेव्हा ते उत्तर तिच्याबद्दल आहे याची मला खात्री पटली. हातात पैसेच नाहीत म्हणून थांबावं लागणारी माणसंही असतात. त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. वेदनेवरचं औषध आणि वेळेवर दिलेलं शांत मरण हेही उपचारच आहेत.

मी कॅलेंडरवर खुणा करायचे. बरा दिवस असेल तर हिरवा ठिपका, वाईट असेल तर लाल. अलीस व्हिलालोबोस या पशुवैद्यांनी २००४ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे, तीही वापरून बघितली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि बऱ्या दिवसांची संख्या, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य आहे असं धरायचं. भुरीची बेरीज कधी ३८ यायची, कधी ३६. मग एका संध्याकाळी मी आधीची पानं उलटून पाहिली. पहिल्या आठवड्यात हिरवा ठिपका मिळायला तिला वाटीभर पाला खाऊन, घरभर फिरून यावं लागत होतं. पाचव्या आठवड्यात एका पानाचा तुकडा चघळला म्हणून मी हिरवा ठिपका दिला होता. भुरी खाली चालली होती आणि तिच्याबरोबर मी "बरा" हा शब्द खाली आणत होते. पद्धतीचा त्यात दोष नव्हता. गुण देणारी तिच्यावर जीव लावून बसली होती.

ठरलं ते मात्र कॅलेंडरवरून नाही. एका दुपारी भुरी आणि काजळ चटईवर अंगाला अंग लावून पसरले होते. तो तिचा कान चाटत होता. भरवायची वेळ झाली होती. मी उठले, खणाला हात लावला. तो अजून उघडलाही नव्हता. भुरीनं मागचा पाय जमिनीवर आपटला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

ससा पाय आपटतो तो स्वतःसाठी नाही, इतरांना धोक्याची सूचना द्यायला. रानात कोल्ह्याची चाहूल लागली की बिळातल्या सगळ्यांना कळावं म्हणून. भुरी काजळला सांगत होती, पळ. माझ्यापासून.

मी खण तसाच ठेवून खाली बसले. तोवर मी विचार करत होते तो असा: थोडं सोसलं तर उद्या बरी होईल. हा हिशेब माझा होता. भुरीकडे उद्या नव्हता. ही सुई कशासाठी, हे तिला समजावता येत नव्हतं. ती आशा धरत नव्हती, तिच्याकडे फक्त आजचा दिवस होता, आणि त्या दिवसात पाच वेळा एक मोठा हात येऊन तिला पकडत होता. ती तीन वर्षांची असताना तिच्या वतीनं मी तो उद्या धरून ठेवला, आणि तो खरंच आला. म्हणून तेव्हाची तिची भीती मी तिच्याकडून उसनी घेतली असं म्हणता येईल, कारण पुढे मिळालेल्या चार वर्षांत ती फेडली गेली. या वेळी घेतलेलं मला फेडता येणार नव्हतं.

डॉक्टरांना मी विचारलं, तिसरी शस्त्रक्रिया केली तर? त्यांनी काही लपवलं नाही. जबड्याचा भाग काढायचा, जखम उघडी ठेवून रोज आतून धुवायची, कित्येक आठवडे. काही ससे त्यातूनही उठतात. "पण हिचं हाड फार गेलंय, आणि वजनही." मग त्यांनी जे सुचवलं ते माझ्या डोक्यातच नव्हतं. मी उपचार किंवा मरण या दोनच टोकांमध्ये अडकले होते. त्या म्हणाल्या, अँटिबायोटिक, जखम धुणं, जबरदस्तीनं भरवणं, सगळं बंद करा. वेदनाशामक तेवढं चालू ठेवा, मात्रा वाढवून देते. आणि आजच, डोकं ठिकाणावर असताना, कागदावर लिहून ठेवा की काय झालं की फोन करायचा.

आम्ही तीन ओळी लिहिल्या. बारा तासांत स्वतःहून काहीच खाल्लं नाही तर. अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर, कारण सशाचं एरवी ते ३८.५ ते ४० असतं आणि थंड पडणं ही फार वाईट खूण. आणि काजळ जवळ आला तरी तिनं मान खाली घातली नाही तर. चाटून घ्यायचं असलं की ती मान खाली घालायची. तिसरी ओळ नवऱ्यानं लिहिली.

ते वेदनाशामक गोड पातळ औषध होतं. सिरिंजनं द्यायची गरज नाही, बशीत टाकून बघा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी भुरी आलीच नाही, मी बशी सोफ्याशी सरकवून लांब जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासमोर चाटलं. सहाव्या दिवशी मी जमिनीवर पाय पसरून बसले असताना ती आली, माझ्या घोट्यावर हनुवटी घासली आणि तिथेच आडवी झाली. घोट्यावर तिच्या जखमेचा ओलसर डाग राहिला. मी तास-दीड तास हलले नाही.

अकरा दिवस मिळाले. पाला बारीक चिरून दिला की थोडा खायची. टॉवेल धुवून वर ठेवला होता.

बाराव्या दिवशी सकाळी पाला आदल्या रात्रीसारखाच होता. पोट जमिनीला दाबून ती बसली होती, दात करकरत होती. खूश असताना ससा दात हलकेच वाजवतो, हा आवाज त्याहून वेगळा, जोराचा, तुटक. काजळ आला, तिच्या तोंडाशी थांबला. तिनं मान खाली घातली नाही. नवऱ्यानं कागद न बघताच फोन लावला.

डॉक्टर घरी आल्या. आधी गुंगीचं इंजेक्शन, चामडीखाली, आणि ते देताना ती माझ्या मांडीवर होती, टॉवेलाशिवाय. पाच-सात मिनिटांत तिचे कान सैल पडले, गाल पुन्हा गोल दिसायला लागले. कित्येक आठवड्यांनी तो चेहरा दिसला. मग दुसरं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या, मग नुसती मान हलवली. आम्ही तिला चटईवर ठेवलं आणि काजळला जवळ येऊ दिलं. जोडीदार नाहीसा झाला तर मागे राहिलेला ससा शोधत राहतो, देह पाहिला तर पुष्कळदा त्याला उमजतं, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यानं तिला हुंगलं, कान चाटला, डोक्यानं एकदा ढोसलं. अर्ध्या तासानं उठून तो गवताकडे गेला.

तिसरी शस्त्रक्रिया करायला हवी होती का, हे मी स्वतःला अजून विचारते. दुसरीनंतरच थांबायला हवं होतं का, हेही विचारते. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

काल कात्री हवी होती म्हणून तो खण उघडला. खर्र झालं. काजळनं एक कान वळवला आणि खात राहिला. मी कात्री घेतली आणि खण दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता, हळूच आत ढकलला.